आजीचं गोंदण कुणी पुसलं?

तुमच्या घरी हॉलमध्ये एखादा हार घातलेला फोटो असेलच. आजोबांचा, पणजीचा, कुणाचा तरी. चंदनी हार, सोनेरी पट्टीची फ्रेम, वर एक छोटा लाल दिवा. रोज त्याच्याखालून आपण चार्जर शोधत ये-जा करतो. कधी स्टुलावर चढून, अगदी जवळून बघितलाय तो? आज बघा. नाकाजवळचा तीळ आहे का जागेवर? कपाळावरच्या आठ्या आहेत? आणि मागचं ते निळं-पांढरं आभाळ कुठलं? कारण तुमचे पणजोबा आयुष्यात कधी आभाळासमोर कोट घालून बसले असतील, असं मला तरी वाटत नाही.

खरं सांगायचं तर या पानासाठी मला वेगळंच सांगितलं होतं. ‘पोर्ट्रेट फोटो रिटच करायच्या सोप्या टिप्स’ असा विषय होता. टिप्स येतील मध्ये मध्ये, काळजी करू नका. पण मी जे रिटचिंग शिकले ते एका फोटोपायी शिकले, आणि तो सोडून बाकीचं लिहिलं तर ते यूट्यूबवर आधीच आहे.

गेल्या मे महिन्यात माझी आजी गेली. फलटणच्या पुढे आमचं गाव. मी पुण्यात हॉस्टेलला, रात्रीच्या एसटीने पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, ‘‘दहाव्याला फ्रेम लागंल. आईचा बरा फोटो कुणाकडं हाय?’’ घरात नऊ स्मार्टफोन. सगळे आपापली गॅलरी मागे मागे सरकवत बसले. आजी होती, पण कशी? ताट घेऊन मागून जाताना, अर्धी कापलेली. नातवाला मांडीवर घेतलेली, फोकस नातवावर. वाढदिवसाच्या केकमागे, डोळे मिटलेली. एकटीचा, समोर बघणारा फोटो एकही नाही. शेवटी माझ्या फोनमध्ये एक सेल्फी सापडला. फेब्रुवारीत चुलतबहिणीच्या हळदीला काढलेला, मी आणि आजी. डोक्यावर पदर, डोळे उघडे, थोडंसं हसू. काकांनी तो फलटणच्या एका स्टुडिओवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘‘मुलीला काढा. आईला चांगली करा.’’

दहाव्याला फ्रेम आली. माझा खांदा गेला होता, हळदीचा मांडव गेला होता. निळं आभाळ आलं होतं. आजी गोरी झाली होती, गाल गुलाबी, कपाळ तुळतुळीत. आई फ्रेमकडे बघून हळूच म्हणाली, ‘‘ह्या कोण?’’ बाबा काहीच बोलले नाहीत. आत्याला मात्र आवडला. ती पदराने काच पुसत म्हणाली, ‘‘आई कशी गोरीपान दिसतीया बघ. तरणी असताना अशीच होती.’’

मला काय चुकतंय ते दोन मिनिटं कळेना. मग कळलं. गोंदण नव्हतं.

कपाळावरची रेघ

तुमच्यापैकी ज्यांच्या आज्या गावाकडच्या आहेत, त्यांना गोंदण म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी : टॅटू पार्लर यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे बायका कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदून घ्यायच्या. जत्रेत गोंदणारीण बसायची. सुया, काजळी, आणि आईने घट्ट धरून ठेवलेली एक रडणारी पोरगी. आमच्या आजीचं शिंगणापूरच्या यात्रेत झालं होतं, सात-आठ वर्षांची असताना. दोन भुवयांच्या मध्ये एक उभी रेघ, रेघेच्या दोन्ही बाजूंना ठिपके, आणि हनुवटीवर एकच ठिपका. मूळचा रंग काळा असणार. मी बघितला तो हिरवट निळा, कडा पसरलेला, वहीच्या मागच्या पानावर उमटलेल्या शाईसारखा.

आजोबा गेल्यावर आजीने कुंकू लावणं सोडलं. तेव्हापासून तिच्या कपाळावर तेवढंच होतं. लहान असताना मी त्यावरून बोट फिरवायची आणि विचारायची, हे धुतल्यावर जात का नाही? ती म्हणायची, ‘‘अगं, मेल्यावर सोनं काढून घेत्यात. गोंदण कुणाला काढता येत न्हाई. तेवढं आपलं आपल्यासंगं येतं.’’

हे असं बऱ्याच गावांत म्हणतात, तिचं एकटीचं नाही. पण त्या दिवशी फ्रेमसमोर उभं राहून मला तेच ऐकू येत होतं, आणि राग असा आला की तेराव्याचं जेवण झाल्यावर मी सरळ फलटणला गेले. भांडायला.

पेन्सिलवाल्याचा मुलगा

स्टुडिओ म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची दहा बाय बाराची खोली. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीवर टांगलेला पांढरा पडदा. स्टुडिओवाले काका पन्नाशीचे. मी तावातावाने म्हटलं, ‘‘तुम्ही माझ्या आजीचं गोंदण का पुसलंत?’’ त्यांनी आधी मला बसायला लावलं. चहा सांगितला. मग म्हणाले, ‘‘ताई, कुठलं गोंदण?’’

ते काय म्हणाले ते सांगते, पण आधी कोपऱ्यातल्या एका लाकडी डेस्कबद्दल सांगू द्या. शाळेच्या बाकासारखं उतरतं, मधोमध एक चौकोनी काच, खाली आरसा. त्यावर बिलबुकं रचून ठेवली होती. त्यांच्या वडिलांचं ते रिटचिंग डेस्क. फोटो निगेटिव्हवर निघायचे त्या काळात रिटचिंग चक्क पेन्सिलीने व्हायचं, हे मला मास कॉमला तीन वर्षं काढूनही माहीत नव्हतं. खालच्या आरशातून प्रकाश काचेवर यायचा, काचेवर निगेटिव्ह ठेवायची, आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावर बारीक बारीक टिंबं द्यायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. प्रिंटमध्ये जी सुरकुती काळी दिसणार, ती निगेटिव्हवर जवळजवळ पारदर्शक. तिथे शिसं भरलं की प्रकाश अडतो, आणि प्रिंटवर ती जागा उजळ येते. म्हणजे पेन्सिलीने काळं करायचं, चेहरा गोरा व्हायला! शिसं काचेवर किंवा फिल्मवर धरावं म्हणून आधी एक चिकटसर द्रव चोळायचा. चूक झाली तर पुसून पुन्हा पहिल्यापासून. ‘‘वडील एका चेहऱ्याला तास घालवायचे,’’ काका म्हणाले, ‘‘त्यामुळं काय काढायचं न काय ठेवायचं ह्यावर विचार करायला टाइम असायचा. फुकटचा कोण करंल?’’

हा प्रकार किती जुना? छायाचित्रणाच्या इतिहासात म्युनिकच्या फ्रांत्स हान्फश्टेंगलचं नाव येतं. 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने एकाच माणसाचे दोन फोटो मांडले, एक जसाच्या तसा आणि एक रिटच केलेला, आणि बघायला गर्दी लोटली, असं सांगतात. म्हणजे ‘बिफोर-आफ्टर’ आपल्या रीलवाल्यांनी शोधलेलं नाही.

कॉम्प्युटरची गोष्ट नंतरची. टॉमस नोल हा अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणारा मुलगा. त्याने मॅकिंटॉशवर चित्रं दाखवण्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांच्या स्पेशल इफेक्ट्समध्ये काम करायचा, त्याला तो आवडला. दोघांनी वाढवला, ॲडोबीने घेतला, आणि फेब्रुवारी 1990 मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली. बाजारात यायच्या आधी जॉन लोकांना करामती दाखवायचा तो एका फोटोवर : बोराबोरा बेटावर समुद्राकडे तोंड करून बसलेली त्याची मैत्रीण जेनिफर, पुढे ती त्याची बायको झाली. गंमत बघा, जगात सगळ्यात आधी फोटोशॉपचे प्रयोग झाले त्या फोटोंतल्या बाईचा चेहरा दिसतच नाही. पाठमोरी आहे ती.

चेहऱ्यांच्या दृष्टीने मोठी उडी 2002 ची. त्या वर्षी फोटोशॉप 7 मध्ये हीलिंग ब्रश आला. त्याच्या आधी क्लोन स्टॅम्प होता. तो इथली कातडी उचलून तिथे जशीच्या तशी चिकटवतो, म्हणून गालावर ठिगळ दिसायचं. हीलिंग ब्रश हुशार. तो एका जागेचा पोत घेतो, पण रंग आणि उजेड ज्या जागी लावतोय तिथलाच ठेवतो. जोड दिसत नाही. तीन वर्षांनी त्याचा स्पॉट हीलिंग हा धाकटा भाऊ आला. त्याला तर पोत कुठून घ्यायचा हेही सांगावं लागत नाही. डागावर क्लिक केलं की डाग गेला.

आता काकांचं उत्तर. त्यांनी काकांनी पाठवलेला माझाच सेल्फी उघडला, न बदललेला. आजीच्या कपाळावर मोठा करत नेला. चारशे टक्के. आठशे टक्के.

‘‘दाखवा ताई, कुठंय?’’

नव्हतं. रेघेच्या जागी धुक्यासारखी किंचित निळसर छटा होती, आहे म्हटलं तर आहे. हनुवटीवर काहीच नाही. ‘‘मी गोरं केलं. गाल केले. सुरकुत्या काढल्या थोड्या. तुमच्या घरचेच म्हणाले, चांगली करा. पण गोंदण मी नाही पुसलं. ते माझ्याकडं आलंच नाही.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘ब्यूटीवर होता का फोन?’’

सहा नंबर

मी कधी बघितलंच नव्हतं. सेटिंगमध्ये शोधल्यावर सापडलं : ब्यूटी, शून्य ते दहापैकी सहा. मी ठेवलं असेन किंवा फोनने. काढून टाकावं असं कधी वाटलं नाही, एवढं नक्की. बारावीत असताना मला पिंपल्स होते, आणि त्या सहा नंबराने मला तीन वर्षं खूप सोबत केली. हे उगाच कशाला लपवू?

हे सहा नंबर नेमकं काय करतं, ते समजून घ्या. फोन आधी चेहरा शोधतो. डोळे, भुवया, ओठ, नाकपुड्या, या महत्त्वाच्या गोष्टी कुठे आहेत ते ठरवतो आणि त्यांना धक्का लावत नाही. उरलं ते सगळं त्याच्या लेखी त्वचा. त्वचा म्हणजे एकसारखी असलेली बरी. मग त्वचेवर जिथे जिथे आजूबाजूपेक्षा थोडं गडद, थोडं वेगळं काही दिसेल तिथे तो रंग पसरवून सपाट करतो. कडा ठळक असली तर ती वाचते. फिकट, पसरलेली असली तर जाते. पंचाहत्तर वर्षांचं, उन्हात विटलेलं गोंदण म्हणजे त्याच्या दृष्टीने अगदी परफेक्ट डाग. आणि हे सगळं तुम्ही बटण दाबता आणि फोटो सेव्ह होतो, त्या क्षणभरात होतं. गॅलरीत जातो तो पुसलेलाच. माझ्या फोनमध्ये त्याच्या मागे मूळ फोटो कुठेही ठेवलेला नव्हता.

फोटोशॉपमध्ये माणूस निदान डागाकडे बघतो, ठरवतो, मग क्लिक करतो. इथे ठरवलं कुणी? आजीने नाही. स्टुडिओवाल्या काकांनी नाही. मीसुद्धा नाही, म्हणजे ठरवलं म्हणण्याइतकं लक्ष मी दिलंच नव्हतं. कपाळावरचं काय ठेवायचं आणि काय डाग समजायचा हे कुणीतरी कुठेतरी आधीच लिहून ठेवलं, आणि ते लिहिताना शिंगणापूरची यात्रा त्याच्या डोळ्यांसमोर असायचं काही कारण नव्हतं.

मी भांडायला गेले होते. चहा पिऊन, तोंड पाडून परत आले. येताना काकांनी एक गोष्ट मात्र ऐकवली. त्यांच्याकडे येणाऱ्या लग्नाच्या बायोडाटाच्या फोटोंबरोबर काय मागणी असते, ती. ‘‘नॅचरल वाटला पाहिजे, पण दोन शेड वर.’’ मुलींचेच नाही, मुलांचेही. एक मुलगा म्हणे मूळ फोटो डिलीट केला का ते बघून गेला.

आपल्याला हे नवीन नाही. 2020 मध्ये शादी डॉट कॉमवर त्वचेच्या रंगाप्रमाणे स्थळं निवडायची सोय होती, ती लोकांनी याचिका केल्यावर काढून टाकली. त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. पाट्या बदलल्या. फलटणच्या त्या खोलीत ‘दोन शेड वर’ अजून तसंच आहे, आणि तुमच्या-माझ्या फोनमध्ये तर त्याला पैसेही पडत नाहीत.

परदेशात यावर कायदे झालेत. फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2017 पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड करून दाखवलं असेल तर ‘रिटच केलेलं छायाचित्र’ असं लिहावं लागतं. नॉर्वेने जुलै 2022 पासून त्याच्या पुढे जाऊन त्वचेलाही त्यात घेतलं, आणि इन्फ्लुएन्सर्सनाही. चांगलं आहे. पण हे सगळं जाहिरातींसाठी. हळदीच्या मांडवातल्या सेल्फीवर कोण लेबल लावणार?

वर्गात आम्हाला एक उदाहरण हमखास शिकवतात. जून 1994 मध्ये अमेरिकेत ओ. जे. सिम्पसनला अटक झाली, तेव्हा ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी पोलिसांनी काढलेला एकच फोटो मुखपृष्ठावर छापला. ‘टाइम’ने त्याचा चेहरा काळवंडवला. दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी शेजारी आले आणि गहजब झाला. परीक्षेत मी त्यावर पानभर लिहिलंय, मार्कही मिळालेत. बातमीच्या फोटोत काप, थोडा उजेड-अंधार, बास, त्यापलीकडे हात लावायचा नाही, हे मला पाठ आहे. आणि घरातल्या भिंतीवरच्या एकुलत्या एका फोटोबद्दल मी एवढाही विचार केला नव्हता.

दोन की तीन?

पुण्यात परत आल्यावर ठरवलं, गोंदण परत घालायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये फोटोशॉप आहे, आणि आमचे फोटोग्राफीचे सर सुट्टीतही तिथेच असतात. सरांनी पहिलाच प्रश्न विचारला : ‘‘रेफरन्स कुठाय?’’

बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, रेघ आणि दोन्हीकडे दोन-दोन ठिपके. आत्या म्हणाली, छे, तीन-तीन. काका म्हणाले, हनुवटीवर ठिपका होता का? मला नाही आठवत. पन्नास वर्षं ज्यांनी तो चेहरा रोज बघितला, ती तिन्ही माणसं. मी स्वतः त्यावरून बोट फिरवलंय, आणि मलाही आकडा सांगता येईना.

मग कागद शोधले. आधार कार्डावरचा फोटो म्हणजे वेबकॅमवर काढलेला, आजी दचकल्यासारखी. घरात सगळे त्याला हसायचे. पण त्यात गोंदण होतं! फोटो नखाएवढा, ठिपके मोजता येत नव्हते, तरी होतं. मतदार ओळखपत्र कृष्णधवल, त्यात अर्ध्या कपाळावर पदराची सावली. शेवटी बाबांच्या लग्नाचा अल्बम आईने एसटीच्या पार्सलने पाठवला. सन 2000, फिल्म कॅमेरा. आजी दुसऱ्या रांगेत उभी, चेहरा बोराएवढा. तो लॅबमध्ये 1200 डीपीआयला स्कॅन केला. रेघ दिसली. उजवीकडे तीन ठिपके, अगदी स्वच्छ. हनुवटीवरचा एक. डावीकडे दोन दिसत होते, आणि तिसरा जिथे असायला हवा तिथे पदराची कड आली होती.

आता कबूल केलेल्या टिप्स. त्या मी या एका फोटोवर शिकले, तशाच सांगते. मूळ फाइलवर कधी काम करू नका, आधी डुप्लिकेट लेयर काढा आणि मूळ लेयरला कुलूप लावा. आजीचा चेहरा ब्यूटी मोडने मेणासारखा केला होता, त्यावर नुसतं गोंदण ठेवलं तर स्टिकर दिसतं. म्हणून सरांनी आधी अल्बमच्या स्कॅनमधला त्वचेचा दाणा अगदी हलका, वेगळ्या लेयरवर घ्यायला लावला. मग गोंदण दुसऱ्या लेयरवर, ब्लेंडिंग ‘मल्टिप्लाय’. त्याने वरच्या लेयरमधला गडदपणा तेवढा खाली उतरतो, खालच्या त्वचेचा उजेड-सावली तशीच राहते, आणि खुणा कातडीच्या वर न वाटता आत वाटतात. रंग काळा नाही ठेवायचा, हिरवट निळा. कडा किंचित ब्लर. ओपॅसिटी मी सत्तरवर ठेवली होती. सरांनी न बोलता पन्नासवर आणली आणि म्हणाले, ‘‘आता दोन मिनिटं स्क्रीनपासून लांब जा, मग ये.’’ हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. सतत बघत राहिलं की डोळा सरावतो आणि माणूस वाढवत जातो, मग ते गोंदण असो की गोरेपणा.

आणि पंधरा दिवसांचा नियम. हा पोर्ट्रेटवाल्यांमध्ये सगळीकडे चालतो : जे पंधरा दिवसांनी आपोआप जाणार आहे ते काढलं तरी चालतं. पिंपल, मच्छर चावल्याचा लाल डाग, उडालेला केस. जे राहणार आहे त्याला त्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तीळ, व्रण, दातांतली फट. मी तो आता मित्रमैत्रिणींच्या फोटोंना लावते. माझ्या रूममेटच्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण आहे. चार वर्षं तिचे सगळे फोटो मी एडिट केले, ती खूण प्रत्येक वेळी उडवली, तिला बरं वाटावं म्हणून. परवा पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, ‘‘मला वाटायचं तुलाच ती आवडत नाही.’’

राहिला डावीकडचा तिसरा ठिपका. सॉफ्टवेअरला काय, उजवीकडचा उचलून डावीकडे उलटा ठेवायला दहा सेकंद. आत्या फोनवर म्हणत होती, ‘‘तीनच कर, माझं ऐक.’’ सर म्हणाले, तुझा फोटो, तू ठरव. तसं बघायला गेलं तर मी केलं ते सगळंच बनावट होतं. 2026 च्या चेहऱ्यावर 2000 सालच्या खुणा. मी जे नव्हतं ते घातलं, स्टुडिओवाल्या काकांनीही जे नव्हतं ते घातलं. फरक आहे, असं मला वाटतं, पण तो परीक्षेत लिहिता येईल इतका स्वच्छ नाही. रात्री बाबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘तुला दिसलं तेवढंच घाल.’’

उजवीकडे तीन, डावीकडे दोन. आभाळ काढलं, मांडवाचा पिवळा ठेवला. रंग आधारच्या फोटोशी जुळवून सावळा केला. सुरकुत्या मात्र परत नाही आणता आल्या. त्या कशा होत्या ते कुठल्याच फोटोत नव्हतं. प्रिंट फलटणच्या त्याच काकांनी मॅट पेपरवर काढून दिली, आणि या वेळी ब्राइटनेस वाढवू का, हे आधी विचारलं.

गणपतीत नवी फ्रेम लावली. जुनी, गोरी, आत्या तिच्या घरी घेऊन जाणार होती, तिला ती खरंच आवडते. जायच्या आधी ती नव्या फ्रेमसमोर बराच वेळ उभी राहिली. डावीकडे बोट लावून म्हणाली, ‘‘हितं एक ऱ्हायला.’’ मी पदराची कड, स्कॅन, सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग पर्समधून आयब्रो पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं, आणि फ्रेमच्या काचेवर, बरोब्बर जागेवर, तिसरा ठिपका दिला.

आई आता काच पुसताना तेवढी जागा सोडून पुसते.